साडेतीनची घोषणा

लॅपटॉपचं घड्याळ लावायचं होतं, एवढंच. तेवढ्या कामापायी माझी भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत जी शोभा झाली ती मी स्वतःच लिहून ठेवतोय, कारण दुसरे सांगतील तेव्हा पदरची भर घालतील. आमच्याकडे लोकांना वेळ भरपूर आहे आणि विषय कमी.

मी भोरच्या डेपोत वाहतूक नियंत्रक होतो. कागदावर वाहतूक नियंत्रक, लोकांच्या तोंडी कंट्रोलर. केबिनमध्ये बसून माईकवर "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे" म्हणणारा तो मी. हे काम किरकोळ वाटणाऱ्याने एकदा बाजारच्या दिवशी वेल्ह्याच्या गाडीचा फलाट बदलल्याचं सांगून बघावं. डोक्यावर पाटी, काखेत पोर आणि हातात कोंबडी घेतलेला माणूस तुमच्याकडे कसा बघतो ते कळेल. तरी माझ्या शब्दावर लोक हलायचे. मी "सुटत आहे" म्हटलं की गाडी सुटायची. निवृत्त झालो, खुर्ची गेली, पण चुकीचं घड्याळ दिसलं की अजून माझ्या पोटात ढवळतं. डॉक्टरला दाखवलं. तो म्हणाला, पित्त आहे. त्याच्या दवाखान्यातलं घड्याळ बंद होतं.

माझी धाकटी बहीण भामाबाई वेल्ह्याकडं गुंजवण्यात राहते. तिचा महिला बचतगट आहे. दिवाळीच्या आधी पुण्यात एका संस्थेचं बचतगटांचं प्रदर्शन भरतं, तिथं इंद्रायणी तांदूळ घेऊन जायचं त्यांनी ठरवलं होतं. गाळे मोजके, गट उदंड. आजवर पुण्याला जाऊन रांगेत उभं राहिलं की गाळा मिळायचा. यंदा संस्थेनं वेल्ह्याच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर जाहीर केलं की नोंदणी फक्त साइटवर, सोमवारी सकाळी दहाला सुरू, आधी येईल त्याला गाळा. गटाची कागदपत्रं जोडायची असल्यामुळे मोबाईलवरून होणार नाही.

भामाबाई म्हणाली, "दादा, तू हायस म्हणून म्या गटात सांगून टाकलं. आमचा दादा करतोय म्हणलं."

"सांगायच्या आधी विचारायचं."

"इचारलं असतं तर न्हाई म्हणला असतास."

बायकांनी गाळ्याच्या भरवशावर जुना भात गिरणीतून भरडून आणला होता. भात वर्षभर राहतो. भरडलेला तांदूळ दमट हवेत राहत नाही, त्यात सोंडे पडतात. म्हणजे गाळा मिळाला नाही तर पिशव्यापिशव्यांतून सोंडे, आणि प्रत्येक सोंड्याच्या तोंडी माझं नाव.

तर लॅपटॉप हवा. बायकोच्या बहिणीचा मुलगा अमृत पुण्यात एका कंपनीत ऑस्ट्रेलियातल्या लोकांच्या तक्रारी फोनवर ऐकून घ्यायचा. इथल्या तक्रारी संपल्या असाव्यात. नोकरी बदलताना त्यानं नवा लॅपटॉप घेतला आणि जुना आम्हाला दिला. मी उघडला. माझ्या मोबाईलवर सकाळचे दहा. लॅपटॉपवर दुपारचे अडीच.

शांतपणे सांगतो, मी शांत होतो. घड्याळ चुकलं तर काटा फिरवायचा, हे मला कुणी शिकवायला नको. चष्मा लावला, शोधलं, दहा करून ठेवलं. इंटरनेट जोडलं. पुन्हा अडीच. पुन्हा दहा केले. पुन्हा अडीच. माझ्याशी असा हट्ट आजवर एकाच ड्रायव्हरनं केला होता, आणि त्याची बदली झाली.

बायको, सुलक्षणा, स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, राहू द्या की. साडेचार तास वजा करून वाचायचं."

हे ती गमतीनं म्हणत नव्हती. आमच्या घरात वेळ वाचत नाहीत, वजा करतात. लग्न झालं तेव्हापासून तिनं घरातली सगळी घड्याळं दहा मिनिटं पुढं ठेवली आहेत, उशीर होऊ नये म्हणून. घड्याळ पुढं आहे हे घरात सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे प्रत्येक जण दहा मिनिटं वजा करतो आणि वेळेवरच निघतो, म्हणजे उशिरा. मग ती आणखी पाच मिनिटं पुढं करते. कंट्रोलरच्या घरातलं एकही घड्याळ बरोबर नाही, ही गोष्ट मी नोकरीत कुणाला कळू दिली नव्हती.

शेजारी धनाजी आला. तो वीज मीटरचं रीडिंग घ्यायचं काम करतो, त्यामुळे विजेवर चालणाऱ्या प्रत्येक वस्तूबद्दल त्याला मत आहे. तो म्हणाला, "कंट्रोलर, आतला सेल गेला असणार. भिंतीवरच्या घड्याळाला सेल असतो तसा ह्याला पण असतो."

हे मला पटलं. चुकीची गोष्ट पटकन पटते. बाजारपेठेत प्रेमचं दुरुस्तीचं दुकान आहे, तिथं गेलो. प्रेमनं सेल बदलला, जुना सेल माझ्या हातात असा ठेवला, जणू माझ्या पोटातून खडा काढलाय. घरी आलो. इंटरनेट जोडलं. मोबाईलवर साडेबारा, लॅपटॉपवर पाच.

पण मी सोडणारा नव्हे. दोन दिवस त्या मशीनच्या पोटात बोटं घालून बसलो आणि अखेर सापडलं. वेळ आपोआप लावण्याचं एक बटण होतं. ते बंद केलं, हातानं वेळ लावली, इंटरनेट जोडलं. काटा जागचा हलला नाही. त्याच बटणाखाली आणखी एक ओळ होती. तिच्यात कुठल्या तरी शहराचं नाव होतं. ती मी वाचली नाही. गाडी वेळेवर असताना कंट्रोलर पाटीचा रंग बघत बसत नाही. इथं मी माती खाल्ली, पण तेव्हा मला ती चकली लागली.

शनिवारी, नोंदणीच्या दोन दिवस आधी, तालीम म्हणून साइट उघडली. पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, नोंदणी सोमवारी दुपारी साडेतीनला सुरू होईल.

साडेतीन. मी चष्मा पुसला. साडेतीनच.

भामाबाईला फोन केला. ती वेल्ह्याला बाजाराला आली होती आणि नशिबानं त्या नोटिशीच्या फळ्यासमोरच होती.

"दादा, हितं तर दहा लिवलंय."

"फळ्यावर खडूनं लिहिलेलं आहे ना? खडू जुना झाला. वेळ बदलली."

"मंग त्यांनी फळा पुसला का न्हाई?"

"भामा, वेळ बदलणारे वेगळे असतात आणि फळा पुसणारे वेगळे. तिथल्या माणसाला विचार."

तिनं विचारलं. तो म्हणाला, साइटवर बघा. आमचं बोलणं ऐकून धनाजीनं स्वतःचा मोबाईल काढला, साइट उघडली आणि माझ्या नाकासमोर धरली. "माझ्यात दहाच दाखवतंय, कंट्रोलर."

"मोबाईलमध्ये जुनं पान साठून राहतं," मी म्हणालो. हे मी कुठंतरी ऐकलं होतं, आणि ते अशा आवाजात म्हणालो की धनाजीनं मोबाईल खिशात घातला. माझा आवाज ही माझ्या आयुष्यातली एकच कमाई. बाकी सगळं प्रॉव्हिडंट फंड.

तरी मी उतावळा नाही. संस्थेच्या मदतीच्या नंबरावर फोन लावला. पुष्कळ वेळ सनई ऐकली. मग एक मुलगी बोलली.

"नोंदणी कितीला सुरू होणार?"

"सर, साइटवर वेळ दिलेली आहे."

"साइटवरची वेळ खरी की फळ्यावरची?"

"साइटवरची वेळ अंतिम समजावी, सर."

"अंतिम म्हणजे त्यात बदल नाही?"

"साइटवरची वेळ अंतिम समजावी, सर."

दोनदा सांगितलं. आता मला सांगा, याच्यापुढं माणसानं काय करावं? मी साइट पाहिली, साइटच्या मालकाला विचारलं, त्यानं साइटवर शिक्का मारला. कुठलाही शहाणा माणूस इथं थांबला असता आणि सोमवारी साडेतीनची वाट पाहत बसला असता. मी थांबलो नाही. वेळ बदललेली कळली आणि प्रवाशांना सांगितली नाही, असं माझ्या हातून नोकरीत घडलं नव्हतं. बिचाऱ्या बायका डोंगरातून सकाळी येतील, दहाला कुठल्या तरी कॉम्प्युटरच्या दुकानात ताटकळत बसतील, या विचारानं मला गहिवरून आलं.

भोर-वेल्हे बचतगटांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. भामाबाईचं टायपिंग मी करतो म्हणून मी त्यात, सगळ्या बायकांत एकटा. तिथं मी लिहिलं नाही. बोललो. मोबाईल तोंडापाशी धरला, घसा साफ केला आणि केबिनमधला आवाज लावला.

"सर्व बचतगटांनी इकडे लक्ष द्यावे. सोमवारी सकाळी दहा वाजता सुरू होणारी गाळ्यांची नोंदणी काही तांत्रिक कारणामुळे दुपारी साडेतीन वाजता सुरू होईल. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

तांत्रिक कारण मीच घातलं. ते घालावं लागतं, त्याशिवाय घोषणा भरल्यासारखी वाटत नाही. पाहता पाहता अंगठे येऊ लागले. सगळ्या गटांचे अंगठे. सुलक्षणा म्हणाली, "बरं वाटलं का आता?" वाटलं होतं. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच दोन तालुके माझ्या शब्दावर थांबले होते.

रविवारी सकाळी उठलो तर लॅपटॉप तासभर पुढं. मी रात्री लावलेलं घड्याळ एक तास पुढं. मी सुलक्षणाकडे बघितलं.

"मी दहा मिनिटंच केलं होतं," ती म्हणाली.

"म्हणजे हात लावलास."

"घरात एकच घड्याळ मागं कसं ठेवायचं? पण तास मी केला नाही. तासाला माझा हात लागलेला नाही."

आमचं त्यावरून जे बोलणं झालं ते सगळ्या आळीनं ऐकलं आणि धनाजीनं कुंपणावर रेलून ऐकलं. मी तास मागं घेतला, दहा मिनिटंही मागं घेतली आणि लॅपटॉपवर चिठ्ठी चिकटवली, "घड्याळास हात लावू नये. हुकमावरून."  जेवायला वाढताना सुलक्षणानं ताट दहा मिनिटं आधीच आपटलं.

सोमवारी सकाळी दार वाजलं. भामाबाई. कमरेला पिशवी, पिशवीत नमुन्याचा तांदूळ.

"अगं, साडेतीनला आहे म्हणून सांगितलं ना?"

"व्हय. पर यष्टी सकाळचीच गावली. दुपारची भेटली न भेटली. आन घरी बसून करायचं काय? हितं बसते."

तिनं चहा घेतला, लॅपटॉप उघडायला लावला आणि त्याच्यासमोर मांडी घालून बसली. मी म्हणालो, साडेतीनपर्यंत त्यात बघण्यासारखं काही नाही. ती म्हणाली, धरणाकडं पण बघण्यासारखं काय न्हाई, तरी माणसं बघत बसत्यात. धनाजीही आला. त्याला रीडिंगला जायचं होतं, पण आमच्याकडं काहीतरी होणार हे त्याला वासानं कळतं.

दहा वाजले आणि पानावरचं राखाडी बटण हिरवं झालं. "आता नोंदणी करा."

"दादा, ह्ये हिरवं झालं."

"हात लावू नकोस. चाचणी घेत असतील. वेळ साडेतीनची आहे."

"हिरवं झालंय न्हवं पर."

"वर बघ, वर. साडेतीन लिहिलेलं आहे. मदतीच्या नंबरवाल्या बाईनं दोनदा सांगितलंय. वेळेआधी नोंदणी केली तर रद्द होईल, काळ्या यादीत जाल."

काळी यादी हीसुद्धा माझीच भर. भामाबाईनं माझ्याकडं पाहिलं, बटणाकडं पाहिलं.

"दादा, तुज्या डेपोत यष्टी लागली, दार उघडलं, कंडक्टर म्हनला बसा. तर माणूस बसतो, का भितीवरचं टायमटेबल वाचत खाली हुबा ऱ्हातो?"

आणि तिनं बटण दाबलं. मी जागेवरून उठलो, सुलक्षणा मध्ये आली, धनाजी म्हणाला, "कंट्रोलर, आता दाबलंच आहे तर भरा तरी." मी भरलं. एक अक्षर चुकलं नाही. भामाबाईच्या मोबाईलवर ओटीपीचे आकडे आले, ते घातले. गोल गोल फिरलं आणि पान आलं, अभिनंदन, तुमचा गाळा निश्चित झाला आहे.

भामाबाईनं पान वाचलं, मग माझं तोंड वाचलं. "तुला आनंद न्हाई झाला व्हय रं?"

मी अमृतला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. तक्रारी ऐकायची सवय आहे त्याला.

"काका, लॅपटॉपला दोन गोष्टी सांगायच्या असतात. किती वाजले, आणि आपण कुठं आहोत. तुम्ही काटा फिरवलात, पण तो अजून स्वतःला सिडनीत समजतोय. साइट ज्याला त्याला त्याच्या गावची वेळ दाखवते. आपल्याकडं दहा वाजतात तेव्हा सिडनीत साडेतीन."

"आणि काल एक तास पुढं का गेला?"

"तिकडं ऑक्टोबरात अर्धा देश घड्याळ तासभर पुढं करतो. उजेडाचा फायदा घ्यायला."

अर्धा देश. मी सुलक्षणाकडं पाहिलं. तिनं भिंतीवरचं घड्याळ पदरानं पुसलं.

आता माझ्याही डोक्यात उजेड पडला. मी दोन तालुक्यांतल्या बायकांना सिडनीच्या वेळेनं बोलावलं होतं. माझ्या बहिणीला गाळा, बाकी सगळ्या घरी. धनाजीनं ते मोठ्यानं बोलून दाखवलं. "लोक म्हणतील हो, कंट्रोलरनं बहिणीसाठी रस्ता मोकळा केला. मी नाही म्हणत. लोक म्हणतील."

मी ताबडतोब ग्रुपवर दुरुस्ती केली, लेखी.  धडाधड उत्तरं आली. आमचा दहालाच भरला. आमचा पण. झाला काका, कधीच झाला. मी लिहिलं, पण तुम्ही अंगठे दिले होते. कुणीतरी उत्तर दिलं, "अंगठा मानासाठी दिला, काका. तुम्ही एवढं आवाज लावून बोललात, बरं दिसत नाही. आम्ही फळ्यावर दहा बघितले, मोबाईलवर दहा बघितले, दहाला भरला."

म्हणजे एकाही बाईनं माझ्यावर विश्वास ठेवला नव्हता. हायसं वाटलं आणि त्याच क्षणी मेल्याहून मेल्यासारखं झालं. या दोन्ही गोष्टी एकदम होऊ शकतात हे मला माहीत नव्हतं.

पण एका गटाचं उत्तर आलं नव्हतं. वेल्ह्याच्या साळूबाईंचा गट, नाचणीचे पापड. मी फोन लावला.

"कंट्रोलर साहेब व्हय? बोला की. म्या रानात हाय, भात बघाया आलीया. साडेतीनला सूनबाईला बसवते भरायला."

"साळूबाई, माझी चूक झाली. नोंदणी दहालाच सुरू झाली. लगेच भरा."

सून आणि कॉम्प्युटर घरी, मोबाईल रानात, ओटीपीचे आकडे येणार रानातल्या मोबाईलवर. ते सगळं जुळेपर्यंत पान लाल झालं होतं. सर्व गाळे आरक्षित.

मी साळूबाईंना तसं सांगितलं. मग साळूबाई म्हणाल्या, "आमच्यातल्या बायका म्हनत हुत्या, फळ्यावर दहा हायेत. म्या म्हनलं, फळ्यावर काय बी असंल. आवं, मी पोरं घेऊन भोरला दवाखान्यात यायची तवापासनं तुमच्या सांगण्यावर यष्टी धरलीया. त्यो माणूस चुकीचं सांगंल व्हय? असू द्या. पापड काय, दारात बी इकतील."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सबंध दोन तालुक्यांत एका बाईनं माझ्यावर विश्वास ठेवला, आणि नेमकी तीच गाडी चुकली.

मी शर्ट बदलला, लॅपटॉप पिशवीत घातला. सुलक्षणा म्हणाली, "कुठं?"

"पुण्याला. गाळा घेऊन येतो."

"गाळे संपले."

"साडेतीन वाजायचेत अजून."

 ती आत गेली आणि डबा घेऊन आली. भांडण दुसऱ्या दिवसावर गेलं.

संस्थेच्या ऑफिसात शेफाली मॅडम म्हणून एक बाई होत्या. तरुण, हुशार, आणि माझ्यासारख्या लोकांना कंटाळलेल्या. त्यांनी आधी सांगितलं, गाळे संपलेत. मग सांगितलं, विनंती अर्ज करा. मग सांगितलं, अर्ज साइटवरून करा, आणि साइटवर अर्जाची मुदत संपलीय. मी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांच्या टेबलावर लॅपटॉप उघडला.

"वाचा. नोंदणी कितीला सुरू होते?"

त्यांनी वाचलं. "साडेतीन? असं कसं? सर, तुमच्या लॅपटॉपवर ऑस्ट्रेलियाची वेळ लागलीय. हा तुमचा दोष आहे."

"लॅपटॉप सिडनीत आहे हा माझा दोष. कबूल. पण प्रदर्शन पुण्यात, नाचणी वेल्ह्याची, पापड खाणारा कोथरूडचा. यात सिडनीची वेळ दाखवायची गरज कुणाला पडली? 'भारतीय वेळेनुसार' एवढे दोन शब्द लिहायला किती खर्च येतो?"

"सर, साइट तशी बनलेली असते."

"आणि तुमच्या नंबरावर मला दोनदा सांगितलं, साइटवरची वेळ अंतिम समजावी. मी समजलो. माझ्यामुळं एक बाई समजली. आता साइटवरच्या वेळेला मी इथं हजर आहे. साडेतीनला नोंदणी सुरू करा. तोपर्यंत मी बसतो."

आणि मी बसलो. ऑफिसच्या मधोमध खुर्ची ओढून, मांडीवर डबा, डब्यावर लॅपटॉप. त्यांनी शिपाई पाठवला, मी त्याला भाकरी दिली. त्यांनी साहेबांना फोन केला, साहेब जेवायला गेले होते. साडेतीन वाजले तसा मी उभा राहिलो. मला कुणी सांगितलं नव्हतं, पण सवय वाईट.

"सर्वांनी इकडे लक्ष द्यावे," मी म्हणालो. "साडेतीन वाजलेले आहेत. वेल्ह्याच्या महिला बचतगटाची नोंदणी फलाट... टेबल क्रमांक एकवर सुरू होत आहे."

पलीकडच्या खोलीतून चार माणसं उठून बाहेर आली. जिन्यावरचा एक जण पिशवी उचलून वर आला. शेफाली मॅडम माझ्याकडं वेगळ्याच नजरेनं बघत होत्या.

"सर, तुम्ही माईकवर बोलता का कधी?"

गाळा नव्हताच. पण फाटकाशी उद्घोषणेचं टेबल होतं, आणि ठरलेला माणूस आयत्या वेळी नाही म्हणाला होता. तिन्ही दिवस मी बोलायचं, आणि टेबलाच्या उरलेल्या अर्ध्या भागावर साळूबाईंनी पापड मांडायचे. मी एका अटीवर हो म्हटलं. साइटवर ते दोन शब्द त्यांनी माझ्यासमोर घालायचे. त्यांनी घातले. माझ्या लॅपटॉपची सिडनीही त्यांनीच हटवली आणि भारत लावला, आता घड्याळ आपोआप चालेल म्हणाल्या.

प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी मी पहाटेच माईक ताब्यात घेतला. लॅपटॉप समोर उघडा. साळूबाई माझ्याही आधी येऊन पापड रचून बसल्या होत्या. त्यांना मी पुन्हा काही सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नव्हतं. एकदा पोळलेली बाई. बाहेर दोरीपलीकडं माणसं जमत होती. लॅपटॉपवर दहा वाजले आणि मी घसा साफ केला.

"सर्वांनी इकडे लक्ष द्यावे. सकाळचे दहा वाजलेले आहेत. प्रदर्शन सर्वांसाठी खुले होत आहे."

पहारेकऱ्यानं दोरी सोडली. माणसं आत लोटली. आत बघतात तर एकही गाळा तयार नाही. कुणी पडदे बांधतंय, कुणी खोकी फोडतंय, भामाबाई आणि तिच्या बायका पोत्यांच्या गाठी सोडताहेत. सबंध मैदानात मांडून बसलेली एकच बाई, साळूबाई. सगळी गर्दी आमच्या टेबलावर आली. भाजून चव बघायला दिलेला पापड हातोहात गेला, मग पुडकी गेली, मग खालच्या खोक्यातली गेली. शेफाली मॅडम धावत आल्या. "सर, अजून पाव तास होता. पाहुणे रस्त्यात आहेत."

मी लॅपटॉप बघितला. आपोआप चालणारं घड्याळ, बटण चालू, चिठ्ठीही जागच्या जागी. आता मात्र मी त्याच्याखालची ओळ वाचली. काठमांडू.

घरी फोन लावला.

"मी घड्याळाला हात लावलाच नाही," सुलक्षणा म्हणाली. "तुमची चिठ्ठी आहे ना. मी फक्त गाव बदललं. यादीत शोधत होते, आपल्यापेक्षा थोडं पुढं कुठलं आहे का. नेपाळ पाव तास पुढं आहे. तिथं सगळा देशच पुढं करून ठेवतो म्हणे. आणि ते आपोआप राहतं, रोज फिरवायला नको."

मी फोन ठेवला. साळूबाई रिकामं खोकं दुमडत होत्या.

"कंट्रोलर साहेब, मागच्या टायमाला तुमी लई उशिरा सांगितलं. ह्या टायमाला जरा लवकर सांगितलं." त्यांनी शेवटचा भाजलेला पापड माझ्यापुढं सरकवला. "फिटलं बगा."

तेवढ्यात पलीकडच्या ओळीतून भामाबाई आली. कमरेवर हात, पदर खोचलेला, केसात तांदळाची धूळ.

"दादा, आमचं पोतं तरी सुटू द्यायचं हुतं रं. सगळं गिऱ्हाईक हिकडं वळवलंस. सख्खी भण हाय मी तुजी."

मी पापड मोडून अर्धा तिला दिला. ती घेईना. बहिणीसाठी रस्ता मोकळा केला असं म्हणणारे आता काय म्हणतात ते मला धनाजीला विचारायचं होतं. पण पाहुण्यांची गाडी फाटकाशी आली, मला माईक घ्यावा लागला, आणि कितीला आले ते मी फाटकाशेजारच्या भिंतीवरच्या घड्याळात बघून सांगितलं. ते बंद होतं.